ज्याने वापरलेच नाही, त्याची बचत

सरकारने माझ्या घरातल्या दिव्याची चिंता का करावी? दिवाळीच्या दिवसांत तरी हा प्रश्न अस्थानी ठरू नये. घर म्हणजे माणसाचे स्वतःचे राज्य. तिथे कोणता दिवा लावावा, खिडकी केव्हा मिटावी, पंखा किती वेळ फिरवावा, यात बाहेरच्याने तोंड घालू नये असे आपल्याला वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या तारेने हा दिवा पेटतो ती तार उंबरठ्याशी संपत नाही. ती मागे मागे जात चंद्रपूरसारख्या गावी पोहोचते. तिथल्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातला झगमगाट काही अंशी तरी तिथल्या कोळशावर उभा असतो. कोळसा जळतो एकीकडे आणि उजेड पडतो दुसरीकडे. माझ्या घरातली उधळपट्टी अशी दुसऱ्याच्या अंगणात धूर होऊन उतरत असेल, तर ती केवळ माझी खासगी बाब राहत नाही. एवढे मान्य केले की त्या उधळपट्टीला आवर घालण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याचा सरकारचा अधिकारही मान्य करावा लागतो.

मी तो मान्य करतो. इतकेच नव्हे, तर हे काम आपल्या देशात एकदा फार चांगले झाले आहे, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची एवढी मोठी खरेदी केली की २०१४ साली जो दिवा तिला सुमारे ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ साली ३८ रुपयांच्या आसपास आला. पुढे या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड नऊ वॅटचा हा दिवा देतो. रोज पाच तास तो लावला, तर वर्षाकाठी पूर्वी जिथे सुमारे ११० युनिटे लागत तिथे आता १६-१७ पुरतात. या मदतीची खरी थोरवी मला अशी वाटते, की ती घेण्यासाठी कुणाला घरमालक असावे लागले नाही. चाळीतल्या भाडेकरूने दिवा घेतला, बंगल्यातल्या मालकानेही घेतला. दिवा खोबणीत बसवायचा, एवढीच पात्रता!

पण दिव्यापाशी जे साधले ते छपरापाशी आणि भिंतीपाशी साधत नाही. आणि माझा प्रश्न तिथून सुरू होतो.

२०२४ साली छतावरील सौरविजेची जी केंद्रीय योजना आली, तिच्यात एका घराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरवले गेले. ते घेण्यासाठी आधी हक्काचे छत हवे, आणि उरलेला खर्च उचलण्याची ऐपतही हवी. घरे मुळातच थंड राहतील अशी बांधावीत म्हणून २०१८ साली ‘इको निवास संहिता’ तयार झाली. ती आखली गेली ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. हा प्रकार आपल्याकडेच होतो असेही नाही. इटलीने २०२० साली घरे ऊर्जेच्या दृष्टीने सुधारणाऱ्यांना खर्चाच्या ११० टक्के करसवलत देऊ केली. शंभर रुपये खर्चावेत आणि एकशेदहा परत मिळावेत, असा तो न्याय! त्या सवलतीचा बोजा शंभर अब्ज युरोंच्याही पुढे गेला. घर ज्याचे होते त्याच्या घराची किंमत वाढली. ज्याला घरच नव्हते त्यानेही आपल्या करातून त्या बोजाला खांदा दिला.

असे होते याला कुणाची दुष्ट बुद्धी कारणीभूत आहे, असे मी म्हणणार नाही. कारण आहे ते मोजमापात. या सगळ्या योजनांच्या मुळाशी साधा हिशेब असतो: एवढे रुपये दिले, तर एवढी युनिटे वाचतील. आता वाचवायचे म्हटले की आधी वापर पाहिजे. चार खोल्यांत चार वातानुकूलन यंत्रे असलेला गृहस्थ एक जुने यंत्र बदलून नवे घेतो, तेव्हा शेकडो युनिटे वाचतात आणि तो राष्ट्रहिताचा भागीदार ठरतो. त्याच चंद्रपुरात, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असताना, पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसे एका पंख्याखाली बसलेली असतात. पंचाहत्तर वॅटचा पंखा बारा तास फिरला, तर महिन्याला होतात सत्तावीस युनिटे. यातून ती माणसे वाचवणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जन्मभर ज्यांनी काटकसरीशिवाय दुसरे काही केले नाही, त्यांच्या नावावर बचतीच्या खात्यात शून्य लागते. वापरून मग वाचवणाऱ्याला बक्षीस, आणि मुळात न वापरणाऱ्याला काहीच नाही! आपण मुलांना काटकसरीचे जे धडे देतो, त्यांच्याशी हे कसे जुळवायचे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कोणी म्हणेल, “तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करता. ऊर्जाबचत हे एक खाते, गरिबांना साहाय्य हे दुसरे. पत्र्याच्या घरावर पैसा खर्चून एक युनिटही वाचणार नसेल, तर तो खर्च दानधर्माच्या खात्यावर टाका.” हिशेबनिसाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. परंतु ऊर्जा वाचवायची ती कशासाठी, हे विचारले की त्याची बाजू लंगडी पडते. कोळसा वाचावा, धूर कमी व्हावा, याचे अखेरचे कारण तरी हेच ना, की माणसांना निरोगी जगता यावे? मग जे घर सुधारल्याने माणसे थेट निरोगी होतात, ते घर बचतीच्या खात्याबाहेर कसे ठेवायचे?

न्यूझीलंडचे उदाहरण इथे विचार करण्याजोगे आहे. तो देश थंड आणि दमट. तिथे बरीचशी घरे लाकडी, आणि १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांना उष्णतारोधक अस्तर घालण्याची सक्ती नव्हती. हिवाळ्यात घरात ओल यायची आणि मुलांच्या छातीत घरघर सुरू व्हायची. तिथल्या संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतली, श्वसनाचा त्रास असलेली माणसे ज्यांत राहत होती अशी १,३५० घरे निवडली. त्यांतल्या काहींना आधी अस्तर घातले, काहींना नंतर, आणि फरक पाहिला. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अस्तर घातलेल्या घरांत इंधन काहीसे कमी लागले, हे खरेच. पण मुलांच्या शाळेतल्या आणि मोठ्यांच्या कामावरच्या गैरहजेऱ्या घटल्या, छातीतली घरघरही कमी झाली. पुढे २००९ मध्ये सरकारने घरांना ऊब देण्याची मोठी योजना काढली. २०१२ च्या तिच्या मूल्यमापनात असे दिसले, की झालेल्या लाभाचा जवळजवळ सगळा भाग आरोग्याचा होता. ऊर्जेच्या बचतीचा वाटा अगदी थोडा. नुसत्या युनिटांनी मोजली असती तर ती योजना फसली असेच म्हणावे लागले असते. माणसांनी मोजली म्हणून ती सफल ठरली.

त्याच देशाने आणखी एक गाठ सोडवली. भाड्याच्या घराला अस्तर घालावे मालकाने, आणि थंडी सोसावी भाडेकरूने. मग मालकाने खर्च कशाला करावा? १ जुलै २०१९ पासून, जिथे शक्य असेल तिथे, भाड्याच्या घरांना छताखाली व जमिनीखाली अस्तर असणे कायद्याने बंधनकारक झाले. अनुदानाने जे साधत नाही ते कधी कधी कायद्याने साधावे लागते, एवढा बोध त्यातून घेता येईल.

आपला प्रश्न थंडीचा नसून उन्हाचा, हे मी विसरलो नाही. पण उन्हाशी कसे वागावे, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. मराठवाड्यातले मातीचे धाबे, हातभर रुंदीच्या भिंती, विदर्भातले वाळ्याचे ओले पडदे यांत विजेचे एक युनिटही नव्हते. माती गेली आणि पत्रा आला, तो गरिबाने हौसेने आणला नाही. पावसाळ्यात न गळणारे छप्पर त्याला त्यातच परवडले. त्या पत्र्यावर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या रंगाचा पांढरा थर दिला, तरी आतली काहिली कमी होते. अहमदाबादच्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे अशी पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांचे धोरणच जाहीर केले. चुन्याचा डबा आणि कुंचला! यात यंत्र नाही की दिपवणारे तंत्र नाही. कदाचित म्हणूनच या कामाला मोठ्या योजनांइतका मान मिळत नसावा.

सरकारने प्रत्येकाचे घर आयते सजवून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. ज्याला ऐपत आहे त्याने आपले यंत्र आपल्या पैशाने बदलावे. त्याला माहिती द्यावी, नियम घालून द्यावा, फार तर सोपे कर्ज द्यावे. तिजोरीतला पैसा मात्र आधी अशा छपराकडे जावा, ज्याच्याखाली वाचवण्यासारखे काही उरलेले नाही, पण जगवण्यासारखी माणसे आहेत.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्यांची पूजा होते. हिशेब ही देखील पूज्य वस्तू आहे, असे मानणारी ही रीत मला फार आवडते. परंतु ज्या वहीत वाचलेल्या युनिटांचा रकाना आहे आणि शांतपणे लागलेल्या झोपेचा नाही, ती वही अजून अपुरी आहे. यंदा तिच्यावर हळदकुंकू वाहताना तो दुसरा रकाना आखून घेण्याचे कुणाच्या मनात आले, तर ते लक्ष्मीला रुचेल असे मला वाटते.