नियमावर बोट ठेवून

मुंबईतल्या चिंचपोकळीला फास्ट लोकल थांबत नाही. इथल्या माणसाचं सगळं गणित स्लो गाडीवर. ती वेळेत आली की आपण म्हणतो, रेल्वे नियमाने चालली आहे. खरं म्हणजे ती निव्वळ नियमाने चालली, तर दुपारपर्यंत वेळापत्रक कोलमडेल.

एकच नियम पाहा. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं. मग पुढच्या सिग्नलपर्यंत अतिशय सावधपणे गाडी न्यायची. सावधपणे म्हणजे किती? जास्तीत जास्त वेग ठरवून दिलेला आहे, कमीत कमी नाही. गर्दीच्या वेळी मागची लोकल तीन-चार मिनिटांवर असताना एखाद्याने गाडी मुंगीच्या पावलाने नेली, तर त्याने मोडलं काय? काहीच नाही. उलट न थांबता लाल सिग्नल ओलांडला गेला तर नोकरीवर गदा येते, ती त्याच्याच.

‘नियमानुसार काम’ या आंदोलनाचं बळ या फटीत आहे. नियम लिहिणारा बहुतेक वेळा काम कसं होतं हे पाहून लिहीत नाही; उद्या चौकशी लागली तर आपण सुटलो पाहिजे, या हिशेबाने लिहितो. मग रोजचं काम चालतं ते कामगाराच्या अंदाजावर, सवयीवर आणि जादा तासांवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा ड्युटी नाकारली. संप नव्हता, घोषणा नव्हत्या. नेमून दिलेलं काम केलं, एवढंच. तरी लोकल रद्द झाल्या.

कायद्याला हे प्रकरण नीट पकडता आलेलं नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात जाणूनबुजून ‘गो स्लो’ करणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. नियम तंतोतंत पाळण्याचं मात्र त्यात नावही नाही. इंग्लंडमध्ये १९७२ साली रेल्वे कामगारांनी असंच केलं, तेव्हा न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी हेतूवर बोट ठेवलं: कामाचा विचका करण्यासाठी नियम पाळणं हाही कराराचा भंग. युक्तिवाद बिनतोड वाटतो. मला तो अर्धाच पटतो, कारण हेतू तपासायचा तर दोघांचा तपासा.

आमच्या गिरणगावाने दुसरी, म्हणजे मालकांची, बाजू पुरेपूर पाहिली आहे. बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर उभा राहायचा, कायम कामगार आला नाही तर आत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सांगितलं की बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की वर्षाची सलग सेवा धरायची, आणि मग निदान ले-ऑफच्या भरपाईपुरता तो बदली राहत नाही. हेतू स्वच्छ होता. पण आकडा लिहिला गेला आणि तो अक्षरशः वाचणारे मालक निघाले. दिवस भरत आले की ‘ब्रेक’, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तोच माणूस, तेच काम. गिरण्या गेल्या, ब्रेक राहिला. कंत्राटी सफाईवाल्याला आणि हंगामी शिक्षकालाही तो ठाऊक आहे. यालाही १९७१ च्या कायद्यात कलम आहे: कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने वर्षानुवर्षं बदली ठेवणं अनुचित. फक्त तो हेतू सिद्ध करायचा कामगाराने, कोर्टात खेटे घालत. मोटरमनचा हेतू तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीतच सिद्ध झालेला असतो.

म्हणून नियम धड लिहिले जावेत आणि लिहिताना ते काम करणारा माणूस समोर बसलेला असावा. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांच्या, कायद्यात याची निदान सुरुवात होती: मसुद्यावर कामगारांना हरकत घेता येई आणि मंजूर आदेश त्यांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावावे लागत. केंद्राच्या कायद्यात त्यासाठी १०० कामगारांची अट होती, महाराष्ट्राने ती ५० वर आणली होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती ३०० केली आहे. त्याहून कमी माणसांच्या ठिकाणी आता बोट ठेवायला फलकच असणार नाही.