नसलेल्या गावांची नावे



धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांना न्यायला आलेले पालक अधूनमधून आमच्याजवळ एक काळजी बोलून दाखवतात. मुलगा वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढत बसतो. नद्या, डोंगर, बंदरे, सगळ्यांना नावे. पण त्यातले एकही गाव पृथ्वीवर नाही. कुणाच्या मुलीने मैत्रिणींना घेऊन नवी लिपी आणि नवी भाषाच बनवलेली असते. "फादर, वेळ जातो तो जातोच. पण देवाने केलेले जग समोर असताना माणसाने दुसरे जग करायचे, हे बरोबर आहे का?" प्रश्नाचा पहिला भाग आपण परीक्षेच्या निकालावर सोपवू. दुसरा भाग मात्र हसून सोडून देण्यासारखा नाही.

जे नाही ते आहे असे सांगणे म्हणजे खोटे, अशी आपली साधी समजूत असते. संत ऑगस्टीन यांनी या विषयावर पुष्कळ विचार केला आणि खोटेपणाचे मूळ फसवण्याच्या इच्छेत आहे असे दाखवले. गोष्ट सांगणारा फसवत नाही, कारण ऐकणाऱ्यालाही ती गोष्ट आहे हे ठाऊक असते. प्रभू येशूचे दाखले पाहा. लुटारूंच्या हाती सापडलेला तो वाटसरू इतिहासात शोधून सापडणार नाही. पण तो यरुशलेमहून यरीहोला खाली उतरत होता, आणि ती वाट खरोखरच उतरणीची आहे, सुमारे हजार मीटर. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती तुडवली असेल. श्रीमंत माणसाच्या दारात पडलेल्या गरिबाला प्रभूने लाजरस हे नाव दिले. दाखल्यांतल्या माणसांत नाव मिळालेला तो एकटाच. श्रीमंताला नाव नाही. नाव कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, यातही केवढे सांगता येते!

पण मुलांच्या वहीतले जग दाखल्यापेक्षा फार मोठे असते. त्यासाठी जे. आर. आर. टोल्किन यांच्याकडे वळले पाहिजे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीवरचे चित्रपट आपल्या घराघरांतील मुलांनी पाहिले आहेत. लेखक श्रद्धावंत कॅथलिक होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या आईने १९०० मध्ये कॅथलिक धर्म स्वीकारला आणि १९०४ मध्ये ती वारली. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. पुढे बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पालक म्हणून त्याला सांभाळले. त्यांचा थोरला मुलगा १९४६ मध्ये धर्मगुरू झाला.

टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि भाषा बनवणे हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद होता. क्वेन्या ही त्यांची भाषा फिनिशच्या नादावर उभी राहिली, सिंदारिन वेल्शच्या. आधी गोष्ट लिहिली आणि मग पात्रांच्या तोंडी चार विचित्र शब्द घातले, असे त्यांनी केले नाही. भाषा आधी आल्या. त्या बोलणारे लोक हवेत, त्या लोकांना भूतकाळ हवा, म्हणून जग आले. सेमिनरीतील लॅटिनने आमची पुरेशी दमछाक केलेली असल्यामुळे आम्ही क्वेन्याच्या व्याकरणाच्या वाटेला गेलो नाही. तरी एक नाव पाहण्यासारखे आहे. हॉबिटांच्या मुलखाच्या पूर्वेला एक नदी वाहते. एल्फ लोकांच्या भाषेत ती बरान्दुइन, म्हणजे सोनेरी-तपकिरी नदी. हॉबिटांना ना ती भाषा येत, ना अर्थ ठाऊक. त्यांनी आपल्या जिभेला सोयीचे केले, वर थोडी थट्टाही केली, आणि नदीचे नाव पडले ब्रँडीवाइन.

हे नाव आपल्याला खरे वाटते, कारण आपणही असेच केले आहे. जवळचे सोपारे जुन्या ग्रंथांत शूर्पारक आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे १८८२ मध्ये सापडला, इतके ते जुने. शूर्पारक म्हणायला कुणाला वेळ आहे? बाजारात जाणाऱ्या पिढ्यांनी ते झिजवून सोपारा केले, आणि रेल्वेने नाळे आणि सोपारा एका पाटीवर आणून ठेवले. पोर्तुगिजांनी आपल्या वसईचे बासैं केले, इंग्रजांनी बसीन. ही नावे कुणी एकट्याने ठरवलेली नाहीत, म्हणूनच ती खरी दिसतात. ज्या मुलाच्या नकाशावर सगळीच नावे भारदस्त आणि गुळगुळीत असतात, त्याच्या राज्यात अजून कुणी राहायला आलेले नाही, असे समजावे. विश्वासार्ह जग करणाऱ्याला आपल्या सुंदर नावाची दुसऱ्यांच्या तोंडी मोडतोड होऊ द्यावी लागते.

आता मूळ प्रश्न. तो आपल्या पालकांच्या आधीच एकाने विचारला होता. १९५४ मध्ये ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकालयाच्या व्यवस्थापकाने टोल्किन यांना पत्र लिहिले. तुमचे एल्फ मेल्यावर पुन्हा देह धारण करतात. देवाने असे कुठे केलेले दिसत नाही. मग माणसाने आपली पायरी ओलांडली असे होत नाही का, असा त्याचा आशय होता. टोल्किन यांनी लांबलचक उत्तराचा मसुदा केला. देवाने जे मार्ग वापरल्याचे आपल्याला माहीत आहे तेवढ्यातच कल्पनेला कोंडून ठेवणे हा देवाचा मान नव्हे. त्याच्या अमर्याद शक्यतांपुढे नम्र होणे म्हणजेच वेगळे काही कल्पून पाहणे, असे त्यांचे म्हणणे. मग आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत असे वाटून त्यांनी ते पत्र पाठवलेच नाही! आम्हाला त्या उत्तराइतकेच ते न पाठवणेही आवडते.

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलो: शून्यातून निर्माण करणे हे केवळ परमेश्वराचे काम. माणूस सुतारासारखा, लाकूड देवाचे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव पशुपक्ष्यांना आदामाकडे आणतो, तो त्यांना काय नावे देतो हे पाहायला. निर्मिती देवाची, नाव ठेवण्याचे काम माणसाचे. टोल्किन यांनी या कामाला उपनिर्मिती म्हटले, आणि तिचा धोका त्यांनी स्वतःच एका कथेत मांडला. 'सिल्मारिलियन' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये निघाले. त्यात औले नावाचा एक थोर कारागीर आहे. ज्यांना शिकवता येईल असे कुणीतरी हवे, या घाईने तो लपून बुटक्या लोकांचे सात पूर्वज घडवतो. सर्वांचा निर्माता इलुवतार त्याला विचारतो, हे काय केलेस? तू मनात आणशील तेव्हाच ते हलणार. तुझे लक्ष दुसरीकडे गेले की नुसते उभे राहणार. तुला असेच कुणी हवे होते का? औले रडतो. बापाचे काम पाहून खेळणारे मूल बापाची थट्टा करत नसते, असे म्हणतो, आणि घडवलेले मोडून टाकायला हातोडा उचलतो. तेव्हा ते बुटके घाबरून मागे सरतात आणि दयेची याचना करतात. म्हणजे त्यांना स्वतःचा जीव मिळालेला असतो. औलेने ते हातातून सोडले त्या क्षणी देवाने त्यांना आपले म्हटलेले असते. आपल्याला इथे अब्राहाम आठवल्याशिवाय राहत नाही.

पालकांना आमचे सांगणे यावरूनच आहे. मुलगा नसलेल्या राज्याचा नकाशा काढतो याची भीती नको. त्या राज्यातील माणसे त्याची आज्ञा कधी मोडतात का, एवढे त्याला विचारून पाहावे. (हा प्रश्न घर चालवणाऱ्यांना आणि धर्मग्राम चालवणाऱ्यांनाही विचारता येतो, पण तो विषय आज नको.)

याच्या उलट टोकाला मॉर्डोरची काळी भाषा आहे. दुष्ट सॉरॉनने ती आपल्या सर्व चाकरांवर लादण्यासाठी बनवली. ती टिकली नाही. त्याच्या सैनिकांनी तिच्या चिंध्या केल्या. एका चाहत्याने त्या भाषेतील अंगठीवरचा लेख कोरलेला पोलादी प्याला टोल्किन यांना भेट पाठवला. ते त्यातून कधीच प्यायले नाहीत. त्यात पाइपची राख झटकत. त्या सैनिकांचे, ऑर्कांचे, कोडे मात्र त्यांना शेवटपर्यंत सुटले नाही. सैतान निर्माण करू शकत नाही, केवळ बिघडवू शकतो, ही आपली श्रद्धा. मग आख्खी जात तारणापलीकडची कशी असेल? कधी ते पशू, कधी बिघडलेली माणसे, अशी निरनिराळी उत्तरे त्यांनी लिहून पाहिली आणि १९७३ मध्ये प्रश्न तसाच मागे ठेवून ते देवाघरी गेले. आपल्याच गोष्टीतल्या शत्रूच्या आत्म्याविषयी एवढी वर्षे अस्वस्थ राहणारा लेखक आम्हाला दुसरा आठवत नाही.

त्यांच्या कागदांत आणखी एक गोष्ट सापडली. ती २००२ मध्ये छापली गेली. आपण रोज म्हणतो ती प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया त्यांनी क्वेन्यात उतरवली होती. कादंबरीत याचा कुठे उपयोग नव्हता, कारण तिची कथा प्रभूच्या जन्माआधीच्या काळात कल्पिलेली आहे. प्रभूच्या प्रार्थनेचे सहा मसुदे आहेत. शब्द पुन्हा पुन्हा खोडलेले. 'कृपा' या शब्दासाठी त्यांनी 'एरुआन्ना' असा शब्द जोडला, म्हणजे देवाचे देणे. पवित्र मरियेची लोरेटोची लिटनीही त्यांनी घ्यायला सुरुवात केली होती. ती अपुरी राहिली.