जोडीदाराची चूक

वाचन : उपदेशक ४:९-१२, गलतीकरांस पत्र ६:१-५



जयपूरचे कृष्णा नागर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथम ऐकले ते ५ सप्टेंबर २०२१ रोजी. त्या दिवशी टोकियो येथील पॅरालिंपिक स्पर्धेत, कमी उंचीच्या खेळाडूंच्या गटात, हाँगकाँगच्या चू मान काई यांचा पराभव करून त्यांनी बॅडमिंटनच्या एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियममध्ये सराव केलेल्या या तरुणाचे देशभर कौतुक झाले, आणि ते यथायोग्यच होते.

परंतु त्यांच्या कारकिर्दीतील दुसरे एक पदक मला आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. २०१९ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी राजा मगोत्रा यांच्यासह दुहेरीचे रौप्यपदक मिळविले होते. टोकियोत या गटासाठी दुहेरीची स्पर्धाच नव्हती. म्हणून जगाला ते एकटेच दिसले. बासेलचे यश मात्र दोघांचे होते, आणि तेथील अंतिम सामन्यातील पराभवही दोघांचाच होता.

या गटातील पुरुष खेळाडूची उंची १४५ सेंटिमीटरांहून अधिक नसते. जाळी मात्र मध्यभागी १५२ सेंटिमीटरांहून किंचित उंच असते. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्याहून वर! अशा वेळी सोबतीला दुसरा असणे केवढा आधार! उपदेशकानेही म्हटले आहे की एकटा पडला तर त्याला उठविणारा कोणी नसतो.

तथापि सोबत ही सोपी गोष्ट नव्हे. एकेरीच्या मैदानाची रुंदी ५.१८ मीटर, तर दुहेरीच्या मैदानाची ६.१० मीटर. लांबी तीच. माणूस एक वाढला, पण रुंदी वाढली ती अवघी ९२ सेंटिमीटर! दुहेरीची अडचण येथेच आहे. शटल दोघांच्या मधोमध आले की दोघेही धावतात आणि रॅकेटी एकमेकींवर आदळतात; किंवा दोघेही थांबतात आणि शटल जमिनीवर पडते. एकाने ढिसाळपणे उंच उडविलेल्या शटलवर प्रतिपक्षाचा जोरदार फटका येतो, आणि तो पुष्कळदा झेलावा लागतो निरपराध जोडीदाराला. शेवटी गुणफलकावर काय लिहिले जाते? केवळ जोडीचा गुण गेला, एवढेच. चूक कोणाची, हे लिहिण्यासाठी तेथे रकानाच नसतो.

प्रिय वाचकहो, तो रकाना आपण मात्र आपल्या अंतःकरणात जपून ठेविला आहे. आपले ज्यांच्याशी बिनसते ती माणसे बहुधा दूरची नसतात. ती एका छपराखाली राहतात, मंडळीत एकाच बाकावर बसतात, एकाच समितीत काम करितात. पती पत्नीची, भाऊ भावाची, पाळक पंचांची व पंच पाळकांची चूक वर्षानुवर्षे लिहून ठेवितात. दोघांमध्ये पडलेले काम कोणीच उचलीत नाही, आणि हानी होते ती साऱ्या घराची, साऱ्या मंडळीची.

मग चुकीविषयी बोलूच नये काय? तसे नाही. चांगली जोडी सरावात चूक सांगते व सुधारते. परंतु शटल हवेत असताना ती एकमेकांकडे रागाने पाहत नाही. प्रेषित पौलही हेच शिकवितो. दोषात सापडलेल्यास सौम्यतेने पुन्हा उभे करा, एकमेकांची ओझी वाहा, आणि त्याच वेळी प्रत्येकाने आपला स्वतःचा भारही वाहिला पाहिजे. आपला कोपरा सांभाळून जोडीदाराच्या कोपऱ्याकडे धावणे, हे ते जीवन होय.

आपल्या प्रभूने शिष्यांना दोघेदोघे करून पाठविले (मार्क ६:७). तरी पौल व बर्णबा यांची जोडीही योहान मार्कावरून फुटली. पौलाने त्याची चूक विसरण्यास नकार दिला. बर्णबाने त्याला बरोबर घेतले. पुढे बंदिवासातून त्याच पौलाने मार्काला आपणाकडे घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे तीमथ्याला कळविले (२ तीमथ्याला ४:११). जो रकाना पौलाने एकदा भरला होता, तो त्याने पुसून टाकिला.

हे बळ कोठून येते? प्रभू येशूने आपल्याला आपले जू घेण्यास बोलाविले आहे, आणि जोडीने ओढावयाचे जू एकट्याच्या मानेसाठी नसते, हे आपल्या खेड्यातील लहान मूलही जाणते. तो आपल्या शेजारी उभा राहिला. चुका आपल्या होत्या. हार त्याने वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतली, आणि विजयात आपल्याला वाटेकरी केले. ज्याची एवढी मोठी चूक झाकली गेली, त्याने जोडीदाराची लहानशी चूक किती दिवस मोजावी?

येत्या प्रभुभोजनापूर्वी अशा एका माणसाकडे आपण स्वतः होऊन जावे. तो येईल म्हणून वाट पाहू नये. दोघेही थांबले की काय होते, हे आपण पाहिलेच आहे.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्याजवळ दिलेल्या माणसांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या चुकांचा हिशेब आमच्या मनातून पुसून टाक, आणि त्यांचे ओझे वाहण्यास आम्हांस बळ दे. आमेन.