योसेफाने दार लावले नाही



आज आगमनकाळाचा चौथा रविवार. संत मत्तयच्या शुभवर्तमानात आपण योसेफाविषयी ऐकतो. मागणी झालेली मरिया एकत्र येण्याआधीच गर्भवती आहे, हे त्याला कळले. खरे कारण त्याला अजून ठाऊक नव्हते. तरी त्याला पहिली काळजी वाटली ती तिची चारचौघांत बदनामी होऊ नये याची. पवित्र मरियेची तुलना आम्ही कोणाशीही करीत नाही. पण योसेफाचे वागणे आपल्या प्रत्येक घरासाठी आहे.

कधीतरी संध्याकाळी दोन मुले चर्चच्या कार्यालयाच्या दारात उभी राहतात. ती सतरा वर्षांची, तो वीसचा. "फादर, दिवस गेलेत. घरी कळलं तर जीव घेतील. आमचं लग्न लावून द्या." कधी मुलीची आईच येते, "पोट दिसायच्या आत उरकून टाका," म्हणते. दोघांनाही आम्हाला एकच उत्तर द्यावे लागते : लग्न लावता येणार नाही.

कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण हवीत. त्याआधी आई-वडिलांची संमती असली तरी चालत नाही आणि दिवस गेले म्हणून सूटही मिळत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असे लग्न लावणारा, ठरवणारा आणि त्याला हातभार लावणारा यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ख्रिस्तसभेचा नियमही सांगतो, की आई-वडिलांना अंधारात ठेवून अल्पवयीनांचे लग्न धर्मगुरूने महागुरुस्वामींच्या परवानगीशिवाय लावू नये. शिवाय भीतीने किंवा जबरदस्तीने वदवून घेतलेला होकार हा होकारच नव्हे. तेथे विवाह संस्कार होत नाही.

आणखी एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला विश्वासघात वाटू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलीशी संबंध हा गुन्हा आहे. "राजीखुशीने झाले" हे उत्तर तेथे चालत नाही. लग्न झाले म्हणूनही सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. ज्याला हे कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पापनिवेदनात ऐकलेले आमच्या तोंडून कधीही बाहेर जाणार नाही. परंतु कार्यालयात सांगितलेले आम्हाला लपवता येत नाही.

मग मुलीने जावे कुठे? १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन रात्रंदिवस चालू असतो. बाल कल्याण समिती तिच्या राहण्याची, संरक्षणाची सोय करते. अशा मुलीवर मोफत उपचार करणे सरकारी व खासगी दवाखान्यांना बंधनकारक आहे. बाळ सांभाळणे शक्यच नसेल, तर त्याला टाकून देऊ नका. समितीसमोर रीतसर सोपवता येते, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. बालवयात लग्न लावले गेले असेल, तर सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयाकडून ते रद्द करून घेता येते. तरीही तिचे मूल कायद्याने औरसच राहते. आणि दोघांची वये पूर्ण झाल्यावर, मन तेच राहिले, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांच्या नोटिशीने लग्न होते. त्याला आई-बापाची सही लागत नाही. विवाह संस्कारासाठीही तेव्हा अवश्य या.

गर्भातला जीव देवाचे दान आहे, असे आम्ही शिकवतो. पण हे त्या मुलीला सांगणाऱ्याने तिचा भारही उचलला पाहिजे. नाहीतर आपला उपदेश कोरडाच.

आपल्या नगरमध्येच मिस फरार यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाईंनी अडलेल्या विधवांना सुरक्षित बाळंत होता यावे म्हणून आपले दार उघडले. तेथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये तो आणि सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत होते. ज्याला लोक कलंक म्हणाले असते, तो अनेकांचा आधार ठरला.

आई-वडिलांनो, मुले आमच्याकडे चोरून येतात, कारण त्यांना तुमची भीती वाटते. हे आम्हाला बोचते, तुम्हालाही बोचावे. घाईचे लग्न हा उपाय नव्हे. त्याने फक्त चूक झाकते आणि मुलगी एकटी पडते. मुलगी घाबरून काही सांगू लागली, तर त्या रात्री हात उगारू नका, घराबाहेर काढू नका. आधी ताट वाढा, मग ऐका. आणि मुलाच्या घरच्यांनो, "आमचा त्यात काय दोष?" म्हणून अंग काढून घेऊ नका. बाळ दोघांचे आहे.

मुलांनो, तुम्ही एकटे नाही. घरी बोलायचे धैर्य होत नसेल, तर आम्ही तुमच्याबरोबर घरी येऊ.

येत्या नाताळात आपण गोठा सजवू. धर्मशाळेत त्या माउलीला जागा मिळाली नाही, हे गोठ्यासमोर उभे राहून विसरू नका. योसेफाचे धैर्य परमेश्वर आपल्या घराघरांत देवो.

आमेन.

आपले धर्मगुरू