गिऱ्हाईक कोणाचं?

बचत गटांच्या मेळाव्यांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: ऑनलाइन या, मधला दलाल संपेल. उलट बाजूचे लोक म्हणतात, ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्या गावचा धंदा गिळतील, त्यांच्या वाटेला जाऊच नका. पुण्याजवळ वाघोलीपासून सणसवाडीपर्यंत गोदामं उभी राहिल्यावर या दुसऱ्या सल्ल्याला फारसा अर्थ उरलेला नाही. पहिलं वाक्य मात्र अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते नीट तपासायला हवं.

अ‍ॅमेझॉनची 'सहेली' योजना २०१७ मध्ये आली, फ्लिपकार्टचं 'समर्थ' २०१९ मध्ये. केंद्राचं ई-सरस आहे, आपल्याकडे उमेद मार्ट आहे. अशा ऑनलाइन बाजारांत वाटेल तो माल येत नाही; कोणीतरी निवडतं, मग तो मांडला जातो. या निवडीवर माझा आक्षेप नाही. पारखून घेतलेल्या मालावर अनोळखी माणूस पटकन विश्वास टाकतो, आणि छोट्या उत्पादकाला तेवढाच आधार असतो.

पण दलाल संपतो का? बाजार समितीतल्या अडत्याच्या कहाण्या सांगायला नकोत. १९६३चा बाजार समिती कायदा आणि त्यानंतरची आंदोलनं सर्वांना ठाऊक आहेत. तरी त्या आवाराची एक गोष्ट आपण विसरतो. तिथे आवार समितीचं, अडत्या वेगळा, खरेदीदार वेगळा. एका गाळ्यावर पटलं नाही तर शेतकरी शेजारच्या गाळ्यावर माल उतरवतो आणि तेच खरेदीदार तिथेही बोली लावतात. पट्टीवर आडत, हमाली, तोलाई वेगवेगळी दिसते. आडत अशी उघडी दिसत होती, म्हणूनच २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदाराकडून घ्या, असं सरकारला सांगता आलं. ऑनलाइन बाजारात आवाराचा मालकच आडत घेतो, कोणता माल वर दिसणार हे तोच ठरवतो, जाहिरातीचे पैसेही त्यालाच जातात. काही मोजक्या विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं, या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२०मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला होता. सरकारने काढलेल्या ओएनडीसी या ऑनलाइन व्यापाराच्या जाळ्यात खरेदीचं अ‍ॅप आणि विक्रीचं अ‍ॅप वेगळं ठेवलं, त्यामागेही हीच काळजी दिसते.

कमिशन कमी आहे, असं उत्तर यावर मिळतं. असेलही. पण प्रश्न टक्क्यांचा नाही. मधला माणूस असणं हेच वाईट, असंही मी म्हणत नाही. गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ मध्ये लाटलेले पापड सुरुवातीला भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्यामार्फतच विकले गेले. पुढे गिऱ्हाईक दुकानात जाऊन 'लिज्जत' मागू लागलं. दुकानदार बदलला तरी मागणी बदलली नाही.

म्हणून विक्री आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो. समजा, वढू बुद्रुकच्या एखाद्या गटाने शेंगदाण्याची चटणी मुंबईत महालक्ष्मी सरसच्या स्टॉलवर विकली. एखादी गिऱ्हाईक बाई चव घेते, नंबर लिहून घेते, दिवाळीआधी व्हॉट्सअ‍ॅपवर चार पाकिटं मागवते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला राज्यभरातून माणसं वढूला येतात. त्यांतलं कोणी चटणी घेऊन गेलं तर तेही पुन्हा विचारतं. हे नंबर म्हणजे गटाचं भांडवल. तीच चटणी ऑनलाइन पाचशे पाकिटं खपली तरी गटाच्या हातात बहुधा एकही नंबर येत नाही, आणि पार्सलमध्ये स्वतःचं कार्ड घालायला अनेक बाजारांच्या अटी आड येतात. बाजार सोडला की मिळालेले तारे तिथेच राहतात. त्या पाचशे विक्रींतून गटाला पैसे मिळाले, गिऱ्हाईक मिळालं नाही.

तेव्हा विकावं का? विकावं, आणि अटी घालून विकावं. पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क कायद्यानेच लागतो. तो बारीक अक्षरात न दडवता गटाने ठसठशीत छापावा, आपल्या गावाच्या नावासकट. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल वर-खाली कशाच्या आधारावर लावला जातो, हे बाजाराने साध्या भाषेत सांगायचं असतं. उमेद मार्टसारख्या सरकारी बाजाराने तर यापुढे जावं: निवडीचे निकष मराठीत लावावेत, नाकारलेल्या मालाचं कारण लेखी द्यावं, आणि गिऱ्हाइकाची संमती असेल तिथे त्याचा नंबर गटाला द्यावा. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या बाजाराने एवढं करायला काहीच हरकत नसावी.

राज्यात ऑनलाइन विकण्यातली एक अडचण तर आधीच दूर झाली आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीच्या उलाढाल मर्यादेखालच्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकता येतो. त्याआधी एक पाकीट विकायचं असलं तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. वढूच्या गटाला पुणे, पिंपरी, मुंबई इतका बाजार सध्या पुरेसा आहे, आणि तिथलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट फोन करू शकेल इतकं जवळही आहे.