झाकून न ठेवलेलं

१८९३ साली आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना 'नवा करार' दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी हा कवी थबकला, आणि १८९५मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरादाराने मोजली; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ती ओढाताण 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे.

माझी वाट इतकी खडतर नव्हती. अंधेरीतल्या आमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात बायबल होतंच. पण वारशाने आलं म्हणून ते खरं, असं थोडंच आहे? मला पटलं ते शुभवर्तमानातल्या गैरसोयीच्या मजकुरामुळे. येशूच्या ज्या शिष्याला, पेत्राला, पुढे एवढा मान मिळाला, तो कोंबडा आरवण्याआधी तीनदा गुरूला नाकारतो. दुसरा शिष्य थोमा जखमा पाहिल्याशिवाय येशूचं पुनरुत्थान मानायला तयार नाही. रिकामी कबर आधी पाहतात त्या बायका, ज्यांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचणाऱ्याने एवढं तरी झाकलं असतं. आपण सत्कारमूर्तींचा परिचय लिहितानाही झाकतो!

हा पुरावा कोर्टात टिकेल, असा माझा दावा नाही. पण आपल्याच माणसांची फजिती न लपवणाऱ्याचं पुढचं बोलणंही मी ऐकून घेतो. शत्रूवर प्रीती करा, हे सुद्धा. तिथे मात्र अजून जड जातं.