नवसात न बसणारी दुखणी

माघी पौर्णिमेच्या सुमाराला कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या उळवीला लिंगायत संत चन्नबसवण्णांची जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडच्या बैलगाड्या जंगलातून वाट काढत येतात, नवस फेडले जातात. मुंबईत बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे विकायला मांडलेले असतात. दुखरा अवयव विकत घ्यायचा आणि मातेपुढे ठेवायचा. धर्म वेगळे असले तरी व्यवहार एकच: दुखणे जाऊ दे, मी हे देईन.

या व्यवहाराला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र तो मुदतीच्या दुखण्यांसाठी आहे. ताप उतरतो, हाड जुळते, नवस फिटतो. मधुमेह, संधिवात, अपस्मार यांत फेडण्याचा दिवस उजाडतच नाही. रक्तातल्या साखरेसाठी मेणाचा कुठला अवयव घ्यायचा? ज्या घरात फ्रिज नाही तिथे इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात सांभाळावी लागते. गोळ्यांची पट्टी संपायच्या आत तालुक्याला जाणारी गाडी गाठावी लागते. हे आयुष्यभराचे आहे, आणि श्रद्धेची खरी परीक्षा इथेच होते.

ख्रिस्ती माणसाला यात दोन बाजूंनी टोचणी लागते. शेजारपाजारी म्हणतात, मागच्या जन्मीचे भोग. प्रार्थनासभेत कुणी हळूच म्हणते, विश्वास कमी पडला असेल. दोन्हींत आरोपी रोगीच. खरे तर बायबलने हा खटला कधीच निकालात काढला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मात्र पुरेशी आहे असे उत्तर मिळाले. तरीही प्रार्थनासभेत साक्षीसाठी उभे केले जाते ते बऱ्या झालेल्यालाच. न बरे झालेला मागच्या बाकावर बसतो आणि एक दिवस यायचा थांबतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे महत्त्वाचे वाटते. त्यांचा जन्म 1858 साली सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानात, गंगामूळला झाला. तीर्थे, व्रते, दाने करत त्यांचे कुटुंब देशभर पायी हिंडले आणि दुष्काळात आई-वडील, बहीण उपासमारीला बळी पडले. देवाशी केलेला सौदा कसा अंगावर येतो, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. 1882 साली शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे स्त्री-डॉक्टरांची गरज मांडणाऱ्या रमाबाई 1883 साली वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला आणि ती वाट बंद झाली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कान मात्र सुधारले नाहीत, उलट बहिरेपण वाढतच गेले.

1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदन या आश्रमात प्रार्थनेचे मोठे उधाण आले. तिथे प्रार्थना कमी पडली, असे म्हणायची कुणाची छाती होणार नाही. रमाबाई बहिऱ्या राहिल्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत बसल्या. ते छापून पुरे झाले 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मुक्तीतल्या अंध मुलींच्या घराला येशूने दृष्टी दिलेल्या बार्तिमयाचे नाव होते. मुलींना दृष्टी आली नाही. त्यांना ब्रेल आणि हातकाम शिकवले गेले. चमत्काराची आशा सोडली नाही, पण त्याची वाट पाहत कुणाला बसवूनही ठेवले नाही.

दुखणे न जाताही विश्वास धरून राहणे ही पराभवाची समजूत आहे, असा आक्षेप येईल. मला ती अधिक कणखर वाटते. सौद्यातला देव उत्तर देत नाही असे दिसले की माणूस एक तर देव सोडतो, नाही तर विश्वास सिद्ध करायला गोळ्या सोडतो. दुसरे अधिक जिवावर बेतते. देव सौद्यात नाही तर दुखण्यात सोबत असतो, असे मानणाऱ्या श्रद्धेला गोळीचे वावडे नसते. 1894 साली मिरजेला मिशनरी डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभारले, ते प्रार्थनेला पर्याय म्हणून नव्हे.

म्हणून ख्रिस्ती मंडळ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. साक्षीला कधी तरी न बऱ्या झालेल्यालाही उभे करावे, आणि 'प्रार्थना करतो' म्हणण्याआधी 'गोळ्या आहेत ना?' असे विचारावे. बरे होणे हीच विश्वासाची कसोटी धरली, तर रमाबाईंनाही आपण नापासच ठरवू.